मेल सबडोमेनला एसएसएल लावणं: डीएनएसपासून शेवटच्या रीलोडपर्यंत

सांगलीतल्या एका सीए ऑफिसचा मेल सर्व्हर मी बघतो. एका महिन्याच्या 20 तारखेला, म्हणजे जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी, सकाळी साडेनऊला फोन आला की सगळ्यांच्या आउटलुकवर सर्टिफिकेटची वॉर्निंग येतेय आणि क्लायंटचे नवीन मेल दिसतच नाहीयेत. पाठवलेले मेल मात्र व्यवस्थित जात होते. सर्व्हरवर जाऊन बघितलं तर फोल्डरमधलं सर्टिफिकेट एकदम ताजं, अजून 60 दिवस बाकी. मग वॉर्निंग कसली? तर झालं असं होतं की सर्टिफिकेट 30 दिवसांपूर्वीच आपोआप रिन्यू झालं होतं पण डव्हकॉट, म्हणजे जो प्रोग्राम फोनला आणि आउटलुकला इनबॉक्स देतो, तो महिनाभर मेमरीतलं जुनंच सर्टिफिकेट दाखवत होता, आणि ते जुनं त्या दिवशी सकाळी संपलं. एक रीलोड दिला, म्हणजे फाईली परत वाचायला लावल्या, दोन सेकंदात सगळं सुरळीत. पण तेवढ्यात ऑफिसचा ऐन घाईचा एक तास गेला आणि चार जणांनी वैतागून पासवर्ड बदलून बघितले.

म्हणून हा लेख मी सर्टिफिकेट काढण्यापाशी थांबवणार नाहीये. काढणं पाच मिनिटांचं काम आहे. डिस्कवर पडलेलं सर्टिफिकेट वेगळं आणि समोरच्या फोनला प्रत्यक्ष दिसतंय ते वेगळं, हे डोक्यात ठेवूनच सगळ्या पायऱ्या करायच्या.

मी उबंटू किंवा डेबियन, पोस्टफिक्स (मेल पाठवणारा आणि घेणारा प्रोग्राम), डव्हकॉट आणि लेट्स एन्क्रिप्ट (फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) धरून सांगतोय कारण स्वतःचा सर्व्हर असलेल्या बहुतेकांकडे हीच जोडी असते. सीपॅनल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पॅनल, वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळं लिहिलंय. उदाहरणात डोमेन आहे उदाहरण.इन आणि मेलचं सबडोमेन मेल.उदाहरण.इन. कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीयेत, टर्मिनलमध्ये टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत.

आधी नाव पक्कं करा

सर्टिफिकेट म्हणजे शेवटी नावाची खात्री. फोनमध्ये सर्व्हर म्हणून जे नाव टाकलंय ते सर्टिफिकेटवर अक्षर न् अक्षर असलं पाहिजे, नाहीतर आउटलुक म्हणणार टार्गेट प्रिन्सिपल नेम इज इनकरेक्ट आणि आयफोन म्हणणार कॅनॉट व्हेरिफाय सर्व्हर आयडेंटिटी. वेबसाईटला लावलेलं उदाहरण.इन आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.उदाहरण.इन चं सर्टिफिकेट मेलला चालत नाही, मेल.उदाहरण.इन हे नाव त्यात वेगळं हवं. काही जण फोनमध्ये सरळ आयपी पत्ता टाकतात, काही जण आयमॅप.उदाहरण.इन टाकतात, काहींच्या जुन्या लॅपटॉपवर पीओपी.उदाहरण.इन पडून असतं. सर्टिफिकेट काढायच्या आधी ऑफिसमधल्या सगळ्यांच्या सेटिंग एकदा बघून घ्या, आणि शक्य असेल तर सगळ्यांना एकाच नावावर आणा. नसेल जमत तर ती सगळी नावं एकाच सर्टिफिकेटमध्ये घालता येतात, अडचण काही नाही, फक्त नंतर एखादं नाव डीएनएसमधून काढून टाकलं की रिन्यू अडकतं हे लक्षात ठेवा.

आता डीएनएस. मेल.उदाहरण.इन चा ए रेकॉर्ड (नाव कुठल्या आयपीवर जातं ते सांगणारी नोंद) मेल सर्व्हरच्या आयपीवर. एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचे मेल कुठं द्यायचे ते सांगणारा) मेल.उदाहरण.इन कडे, आणि ज्या नावाकडे एमएक्स बोट दाखवतो ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाकडे पाठवणारं टोपणनाव) नसावं, थेट ए रेकॉर्ड असावा, हा नियमच आहे. व्हीपीएसवाल्याच्या (ज्याच्याकडून सर्व्हर भाड्याने घेतलाय त्याच्या) पॅनलमध्ये रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) पण याच नावाचा करून घ्या, एसएसएलशी त्याचा संबंध नाही पण मेल स्पॅममध्ये जाऊ नयेत म्हणून तो लागतोच.

डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल तर मेलच्या रेकॉर्डसमोरचा नारिंगी ढग बंद करून राखाडी करा. नारिंगी असताना ट्रॅफिक क्लाउडफ्लेअरच्या प्रॉक्सीतून जातं, आणि ती प्रॉक्सी वेबचं ट्रॅफिक सांभाळते, आयमॅप (इनबॉक्स बघायचं) आणि एसएमटीपी (मेल पाठवायचं) नाही. वेबसाईट चालते, मेल कनेक्टच होत नाही, आणि माणूस सर्टिफिकेटमध्ये चूक शोधत बसतो.

अजून एक जागा जिथं बरेच जण अडकतात ती म्हणजे आयपीव्ही6. होस्टिंग बदलताना ए रेकॉर्ड नवीन सर्व्हरवर नेला पण क्वाड ए रेकॉर्ड (आयपीव्ही6 साठीचा ए रेकॉर्ड) जुन्याच सर्व्हरवर राहिला, असं खूपदा होतं. लेट्स एन्क्रिप्ट तपासणी करताना आयपीव्ही6 असेल तर आधी तिकडेच जातं, आणि तिथं जुन्या सर्व्हरनं भलतंच उत्तर दिलं की तपासणी फेल. तुमच्या ब्राउझरला मात्र सगळं नीट दिसतं. क्वाड ए वापरात नसेल तर सरळ काढून टाका.

सर्टिफिकेट काढणं

लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट आहे आणि मेलसाठी अगदी पुरेसं आहे. 2015 च्या डिसेंबरमध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं, त्याआधी छोट्या ऑफिसवाल्यांना दरवर्षी पैसे भरून सर्टिफिकेट घ्यावं लागायचं नाहीतर सेल्फ साईन्डवर (स्वतःच स्वतःला दिलेल्या सर्टिफिकेटवर) दिवस काढावे लागायचे. विकतचं सर्टिफिकेट घेतलं म्हणून एन्क्रिप्शन जास्त मजबूत होत नाही, कुणी तसं सांगून विकत असेल तर पैसे वाचवा.

सर्टबॉट, म्हणजे लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेट आणणारा प्रोग्राम, इन्स्टॉल करा, स्नॅपमधून करा किंवा अ‍ॅप्टमधून. मग मेल सर्व्हरवर वेबसर्व्हर चालू नसेल तर कमांड अशी: सुडो सर्टबॉट सर्टओन्ली --स्टँडअलोन -डी मेल.उदाहरण.इन. जास्त नावं असतील तर प्रत्येक नावाआधी -डी. यात सर्टबॉट स्वतःच थोड्या वेळापुरता पोर्ट 80 वर बसतो आणि लेट्स एन्क्रिप्टचे सर्व्हर बाहेरून तिथं येऊन खात्री करतात की हे नाव खरंच तुमच्या ताब्यात आहे. म्हणजे फायरवॉलमध्ये पोर्ट 80 उघडा हवा, आणि फक्त आज नाही, कायमचा, कारण रिन्यूच्या वेळी परत हेच होणार आहे. फक्त भारतातलं ट्रॅफिक येऊ द्यायचं असा नियम फायरवॉलला लावला असेल तर तोही पोर्ट 80 साठी काढावा लागेल, तपासणी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी होते.

सर्व्हरवर राउंडक्यूबसाठी (ब्राउझरमध्ये मेल बघायचा प्रोग्राम) एनजिनएक्स हा वेबसर्व्हर आधीच चालू असेल तर स्टँडअलोन चालणार नाही कारण पोर्ट 80 अडलेला असतो, तिथं --एनजिनएक्स किंवा --वेबरूट वापरा. आणि सर्व्हर अशा जागी असेल की पोर्ट 80 उघडताच येत नाही, तर डीएनएसमध्ये टीएक्सटी रेकॉर्ड टाकून खात्री करायची पद्धत आहे, वाईल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनना चालणाऱ्या) सर्टिफिकेटला तीच लागते. पण ती हाताने करू नका, डीएनएसवाल्याचं एपीआय आणि त्याचं सर्टबॉट प्लगइन असेल तरच करा, नाहीतर दर दोन महिन्यांनी रेकॉर्ड बदलायला तुम्हालाच बसावं लागेल.

पहिल्यांदा करताना कमांडला --ड्राय-रन (म्हणजे नुसती रंगीत तालीम) जोडून बघा. कारण एका तासात एका नावासाठी पाच वेळा तपासणी फेल गेली की लेट्स एन्क्रिप्ट थांबवतं, आणि तंतोतंत तीच नावं असलेली सर्टिफिकेट सात दिवसांत पाचपेक्षा जास्त मिळत नाहीत. घाईघाईत सारखी सारखी कमांड मारून लोक स्वतःला अडकवून घेतात.

सगळं नीट झालं की /इटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/लाईव्ह/मेल.उदाहरण.इन या फोल्डरमध्ये चार फाईली दिसतील. आपल्याला दोन लागतात, फुलचेन.पेम आणि प्रायव्हकी.पेम. सर्ट.पेम नावाची फाईल बघून मोह होतो, नाव तर सर्टिफिकेटचंच आहे, पण तिच्यात मधल्या कडीचं म्हणजे इंटरमीजिएट सर्टिफिकेट नसतं. ती लावली तर एखाद्या क्लायंटवर चालतं आणि दुसऱ्यावर नाही, आणि असा अर्धवट प्रॉब्लेम शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो. फुलचेनच लावा.

या फाईली दुसरीकडे कॉपी करू नका. लाईव्हमधल्या फाईली म्हणजे खरंतर लिंक असतात, प्रत्येक रिन्यूनंतर त्या नव्या सर्टिफिकेटकडे वळतात, कॉपी मात्र आहे तिथंच राहते. आणि परमिशनला हात लावू नका ही तर कळकळीची विनंती. प्रायव्हेट की फक्त रूटला वाचता येते ते बरोबरच आहे, पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोघंही सुरुवातीला रूट म्हणूनच ती वाचतात. कुणीतरी कुठंतरी सांगितलं म्हणून प्रायव्हेट कीच्या फाईलला 777 (म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी) दिलेले सर्व्हर मी बघितलेत, प्रायव्हेट की सगळ्यांना वाचता आली म्हणजे सर्टिफिकेटचा अर्थच संपला.

पोस्टफिक्सला सांगणं

पोस्टफिक्सची फाईल मेन.सीएफ. डेबियन-उबंटूवर तिथं आधीपासून स्नेकऑईल नावाचं एक सेल्फ साईन्ड सर्टिफिकेट लिहिलेलं असतं, त्याच्या दोन ओळी बदलायच्या. एसएमटीपीडी_टीएलएस_सर्ट_फाईल समोर फुलचेनचा पूर्ण पाथ, एसएमटीपीडी_टीएलएस_की_फाईल समोर प्रायव्हकीचा. त्याच फाईलमध्ये एसएमटीपीडी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल बरोबर (म्हणजे = चिन्ह) मे (म्हणजे जमलं तर एन्क्रिप्शन) ठेवा आणि एसएमटीपीडी_टीएलएस_ऑथ_ओन्ली बरोबर येस करा, म्हणजे एन्क्रिप्शन सुरू झाल्याशिवाय कुणी पासवर्ड पाठवूच शकणार नाही.

इथं लोक विचारतात की मे कशाला, एन्क्रिप्टच सक्तीचं करू की. पोर्ट 25 वर नको. तो पोर्ट जगभरातल्या सर्व्हरनी तुम्हाला मेल द्यायचा दरवाजा आहे, तिथं सक्ती केली तर ज्या जुन्या सर्व्हरला टीएलएस, म्हणजे हे एन्क्रिप्शन, येत नाही त्याचा मेल तुमच्यापर्यंत येणारच नाही, आणि छोट्या गावातल्या एखाद्या क्लायंटचा मेल येईना झाला तर तुम्हाला कळणार पण नाही. सक्ती करायची ती तुमच्या माणसांच्या दरवाज्यावर, म्हणजे 587 आणि 465. मास्टर.सीएफ उघडा, सबमिशनचा ब्लॉक असतो त्याच्या पुढचे हॅश काढा आणि त्यात सिक्युरिटी लेव्हल एन्क्रिप्ट आहे ना बघा. 465 चा ब्लॉक एसएमटीपीएस किंवा सबमिशन्स नावाने असतो, त्यात रॅपरमोड येस. 465 मध्ये पहिल्या बाईटपासून एन्क्रिप्शन असतं, 587 मध्ये आधी साधं बोलणं सुरू होऊन मग स्टार्टटीएलएसने एन्क्रिप्शन चढतं. 2018 पासून शिफारस 465 ची आहे आणि नवीन फोन सेट करताना मी तोच देतो.

डव्हकॉटला सांगणं

डव्हकॉटची फाईल कॉन्फ.डी फोल्डरमधली 10-एसएसएल.कॉन्फ. एसएसएल बरोबर रिक्वायर्ड. मग एसएसएल_सर्ट बरोबर, त्यापुढे लहानपेक्षाचं चिन्ह <, आणि त्याला लागून फुलचेनचा पाथ, तसंच एसएसएल_की ला प्रायव्हकीचा. ते < चिन्ह विसरू नका. ते नसलं तर डव्हकॉट त्या पाथच्या अक्षरांनाच सर्टिफिकेट समजतो, आणि लॉगमधली एरर वाचून हे पटकन लक्षात येत नाही. हे सगळं 2.3 पर्यंतच्या व्हर्जनचं. 2.4 मध्ये नावं बदललीयेत, तिथं एसएसएल_सर्व्हर_सर्ट_फाईल आणि एसएसएल_सर्व्हर_की_फाईल आहे आणि चिन्ह लागत नाही, म्हणून आधी डव्हकॉट --व्हर्जन मारून बघा आणि मगच लिहा.

कमीत कमी प्रोटोकॉल टीएलएस 1.2 ठेवा. 1.0 आणि 1.1 हे 2021 मध्येच अधिकृतपणे बाद झालेत, आपण सवयीने एसएसएल एसएसएल म्हणतो पण खरं एसएसएल कधीच गेलं, आता चालतं ते टीएलएस.

फायरवॉलमध्ये 993 (एन्क्रिप्टेड आयमॅप), 465, 587 आणि 25 उघडे. 143 आणि 110 (आयमॅप आणि पीओपीचे जुने साधे पोर्ट) बाहेरून बंद करून टाका, कुणी वापरत असेल तर त्याला 993 वर आणा. मग दोन्ही सर्व्हिस रीलोड.

आता बाहेरून बघा

सर्व्हरवर बसून नाही, स्वतःच्या लॅपटॉपवरून. कमांड: ओपनएसएसएल एस_क्लायंट -कनेक्ट मेल.उदाहरण.इन:993 -सर्व्हरनेम मेल.उदाहरण.इन -व्हेरिफाय_होस्टनेम मेल.उदाहरण.इन. शेवटचा भाग मुद्दाम घाला कारण तो नसेल तर ही कमांड नाव जुळतंय का ते तपासतच नाही आणि चुकीच्या नावाच्या सर्टिफिकेटलाही ओके म्हणते. खाली व्हेरिफाय रिटर्न कोड 0 यायला हवा. 62 आला तर नाव जुळत नाही. 10 म्हणजे मुदत संपलीय. 18 म्हणजे अजून सेल्फ साईन्डच दिसतंय, बहुतेक स्नेकऑईल तसंच राहिलंय. 20 किंवा 21 आला तर फुलचेनऐवजी सर्ट.पेम लावलंय का ते बघा.

हेच 465 ला करा. 587 आणि 25 ला -स्टार्टटीएलएस एसएमटीपी जोडून करा. चारही पोर्ट एकेक करून बघायचे, एकावर चाललं म्हणून बाकीचे सोडू नका, कारण दोन वेगवेगळे प्रोग्राम आहेत आणि दोघांच्या दोन वेगवेगळ्या फाईली. घरच्या ब्रॉडबँडवरून 25 लागला नाही तर घाबरू नका, बरेच इंटरनेटवाले बाहेर जाणारा 25 बंद ठेवतात, दुसऱ्या एखाद्या व्हीपीएसवरून बघा.

रिन्यू, जिथं खरी गोची होते

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट 90 दिवसांचं. सर्टबॉट दिवसातून दोनदा स्वतःहून बघतो आणि मुदतीला 30 दिवस राहिले की नवीन आणतो. म्हणजे 60 व्या दिवशी डिस्कवर नवीन फाईल येते. पोस्टफिक्सची छोटी छोटी प्रोसेस सारखी बंद होऊन नवीन सुरू होत असते, प्रत्येक नवीन प्रोसेस फाईल परत वाचते, त्यामुळे त्याला नवीन सर्टिफिकेट बऱ्याचदा आपोआप मिळून जातं. डव्हकॉटचं तसं नाही, त्याला सांगावं लागतं. म्हणूनच सांगलीत मेल जात होते आणि येणारे दिसत नव्हते, आणि चूक 60 व्या दिवशी झालेली असून बोंब 90 व्या दिवशी झाली.

उपाय तीन ओळींचा. /इटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/रिन्यूअल-हुक्स/डिप्लॉय या फोल्डरमध्ये एक शेल स्क्रिप्ट ठेवा, पहिल्या ओळीत शेलचं नेहमीचं नाव (#! आणि त्याला लागून /बिन/एसएच), दुसरीत सिस्टिमसीटीएल रीलोड पोस्टफिक्स, तिसरीत सिस्टिमसीटीएल रीलोड डव्हकॉट. सीएचमॉड +एक्स करून ती चालवण्याजोगी करा, हे राहिलं तर स्क्रिप्ट तिथं असूनही चालत नाही. मग सुडो सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन मारा. यात रिन्यू होऊ शकतंय का ते कळतं पण ही स्क्रिप्ट, म्हणजे डिप्लॉय हुक, एरवी ड्राय रनमध्ये चालत नाही, त्यामुळे ड्राय रन पास झाला म्हणजे हुक बरोबर आहे असं समजू नका, स्क्रिप्ट एकदा हाताने चालवून बघा.

पुढे कधी नावं वाढवायची झाली तर --सर्ट-नेम मेल.उदाहरण.इन देऊनच करा. नाहीतर सर्टबॉट कधीकधी -0001 लागलेलं नवीन फोल्डर बनवतो, नवीन सर्टिफिकेट तिकडे, कॉन्फिगमधला पाथ जुन्या फोल्डरचा. सर्टबॉट सर्टिफिकेट्स अशी कमांड मारली की सगळी नावं आणि पाथ एका जागी दिसतात.

पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून आठवणीचा मेल यायचा, तो जून 2025 पासून बंद झालाय. आता लक्ष आपणच ठेवायचं. मी दुसऱ्याच एका मशीनवर रोज सकाळी क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) वरचीच एस_क्लायंटची कमांड 993 आणि 465 ला चालवतो, तिचं आउटपुट ओपनएसएसएल एक्स509 -नोआउट -चेकएंड 1728000 ला देतो, म्हणजे 20 दिवसांच्या आत संपणार असेल तर मला फोनवर मेसेज येतो. आकडा सेकंदात आहे. 30 दिवसांना रिन्यू होतं, तरी 20 दिवसांच्या खाली गेलं तर कुठंतरी अडकलंय, आणि दुरुस्तीला हातात 20 दिवस आहेत. फाईल तपासणारा मॉनिटर ठेवू नका, पोर्ट तपासणारा ठेवा.

हे सगळं आत्ताच नीट लावून ठेवायचं अजून एक कारण आहे. सर्टिफिकेटची जास्तीत जास्त मुदत 398 दिवसांवरून मार्च 2026 पासून 200, मार्च 2027 पासून 100 आणि मार्च 2029 पासून 47 दिवस असं एप्रिल 2025 मध्ये ठरलंय. विकतचं घेऊन वर्षातून एकदा हाताने लावायचे दिवस संपत आलेत.

सीपॅनल किंवा गूगल-झोहोवर असाल तर

शेअर्ड होस्टिंगवर सीपॅनल असेल तर यातलं बरंचसं तोच करतो. एसएसएल/टीएलएस स्टेटस उघडा, यादीत मेल.उदाहरण.इन समोर हिरवं कुलूप आहे का बघा, नसेल तर रन ऑटोएसएसएल. तरीही येत नसेल तर बहुतेक मेल.उदाहरण.इन चा ए रेकॉर्ड त्या सर्व्हरवर नाहीये, किंवा डोमेनला सीएए रेकॉर्ड (सर्टिफिकेट कोण देऊ शकतं ते सांगणारा) आहे आणि त्यात सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव नाही.

मेल गूगल वर्कस्पेस किंवा झोहोवर असेल तर तुम्हाला सर्टिफिकेट काढायचंच नाहीये, फोनमध्ये त्यांनी दिलेलं सर्व्हरचं नावच टाका. तिथं मेल.उदाहरण.इन टाकून मग वॉर्निंग का येते म्हणून विचारणारे खूप भेटतात, त्यांच्या सर्व्हरकडे तुमच्या नावाचं सर्टिफिकेट आयमॅपसाठी नसतं.

शेवटचं काम ऑफिसमधल्या मशीनवर

सर्व्हर नीट झाला तरी जुन्या सेल्फ साईन्डच्या काळात लोकांनी कंटिन्यू, ट्रस्ट, अ‍ॅक्सेप्ट असं सगळं दाबून ठेवलेलं असतं. ते काढल्याशिवाय काम पूर्ण धरू नका, कारण तो अपवाद तसाच राहिला तर त्या मशीनला तेव्हा मान्य केलेलं सर्टिफिकेट आजही चालतं, मग ते कुणीही दाखवो. थंडरबर्डमध्ये सेटिंग्जमधल्या सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये सर्व्हर्स टॅबवर जाऊन तिथली मेल.उदाहरण.इन ची ओळ डिलीट करा. आयफोनवर अकाउंट काढून परत घालणं सगळ्यात सोपं. अँड्रॉइडवर अकाउंटच्या इनकमिंग आणि आउटगोइंग दोन्ही सेटिंगमध्ये बघा, सिक्युरिटी टाईपमध्ये एसएसएल/टीएलएस अ‍ॅक्सेप्ट ऑल सर्टिफिकेट्स असं निवडलेलं असेल तर साधं एसएसएल/टीएलएस करा. मग प्रत्येक मशीनवरून एक मेल पाठवून, एक मागवून बघा, आणि ऑफिसमध्ये सांगून ठेवा की यापुढे मेलची वॉर्निंग दिसली तर काही दाबायचं नाही, आधी फोन करायचा.